थांबा, विचारून सांगते

आमच्या पाऊसबाईंना कुणी विचारलं, उद्या पाऊस पडेल का, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "थांबा, विचारून सांगते." जव्हारच्या बाजारात भाजी घेताना विचारा, नाहीतर मोखाड्याच्या एसटीत शेजारी बसून विचारा, उत्तर तेच. हवामानाचं शिकलेली बाई पावसाचं दुसऱ्याला विचारते म्हणून लोक तोंडावर हसत. जव्हारच्या आमच्या लहानशा हवामान केंद्रात मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो, तेव्हा मलाही हसू आलं होतं.

त्या विचारत कुणाला, तर त्यांच्या संस्थेतल्या लोकांना. हवामानशास्त्रज्ञांच्या एका संस्थेच्या त्या शिकत असल्यापासूनच्या सभासद. दुसरं कुणी 'जेवलास का' विचारेल, तशा त्या मला रोज 'सभासद झालास का' विचारत. मी म्हणायचो, तिथं मिळणार काय, एक मासिक आणि वार्षिक सभेतलं जेवण? मग त्या चिडत, चष्मा काढून पदराला पुसत. "अरे, या डोंगरात एकट्यानं अंदाज बांधलास तर तुला नाही कोण म्हणणार? मी म्हटलं तर तू घाबरून ऐकशील, तू म्हटलंस तर मी ऐकणार नाही. नाही म्हणायला बरोबरीचा माणूस लागतो. तो तिथं मिळतो." शेवटी कटकट नको म्हणून मी सभासद झालो.

संस्थेच्या मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता. बाई त्यावर आपला अंदाज टाकत आणि खाली लिहीत, 'खोडून काढा.' खोडण्यात पटाईत होते ते नाशिकचे एक सर. बाईंना त्यांनी पहिल्या फटक्यात होकार दिल्याचं मी कधी पाहिलं नाही. दोघं फोनवर असे भांडत की मी चहाच्या निमित्तानं बाहेर जाई. पण सरांचा फोन लागला नाही, की बाईंना चैन पडत नसे.

एकदाच त्या थांबल्या नव्हत्या. आमच्याच तालुक्यातल्या वांगणीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. वरच्या उताराला भेग पडलेली, त्यामुळे जोराचा पाऊस झाला तर धोका पाड्याला. सरांचा फोन लागेना, तेव्हा बाईंनी आपल्या भरवशावर पाडा आश्रमशाळेत हलवला. पाऊस नुसता भुरभुरला. ऐन आवणीचा, भातलावणीचा दिवस वाया गेला आणि पाड्यावरच्या बुध्या आजानं तेव्हाच सांगून टाकलं, की आता पुन्हा येव नको.

पुढच्याच पावसाळ्यात ती वेळ पुन्हा आली. जिल्ह्याला इशारा साधाच होता, पण आमचा जिल्हा समुद्रापासून घाटापर्यंत पसरलेला. डहाणूचा पाऊस वेगळा, आमचा वेगळा. ढगांची चित्रं बघून बाईंचा चेहरा उतरला. रात्री डोंगरावर कोसळणार, असं त्यांचं मत झालं. ग्रुपवर बाकीच्यांनी हो म्हटलं. नाशिकहून मात्र उत्तर आलं, 'नाही. वारा जोरात आहे, ढग घाट ओलांडून इकडे येतील. लोकांना पुन्हा उगाच हलवलंत, तर तिसऱ्यांदा कुणी उठणार नाही.'

दुपार सरत होती. मी म्हणालो, बाई, निघू या, एकाचं काय ऐकता? त्या म्हणाल्या, "त्या एकाचंच ऐकायचं असतं." त्यांनी फोन लावला. सरांनी विचारलं, चित्र राहू द्या, समोर डोंगरावर काय दिसतंय? मी बाहेर धावलो. सकाळचा ढग होता तिथंच बसला होता आणि खालून त्याला नवे ढग मिळत होते. आत येऊन मी ते सांगितलं. मग सरांचा आवाज आला, "म्हणजे वारा त्याला पुढं नेत नाहीये. मी चुकलो. लवकर निघा."

पाड्यावर पोचलो तेव्हा थेंब पडायला लागले होते. बुध्या आजा ओट्यावरून हलेना, आणि तो हलेना म्हणून कुणीच हलेना. बाई त्याच्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "मागल्या वर्षी मी एकटीनं ठरवलं आणि चुकले. आज सगळ्यांना विचारून आलेय. नाशिकचा माणूस नाही म्हणत होता, तोही आता हो म्हणतोय."

आजानं प्रथमच वर पाहिलं. "तुमच्यात पन पंच बसतात?"

"बसतात."

"मंग त्या नाय म्हननाऱ्याला बोलू दे. आमच्यात नाय म्हननारा सोता हो म्हनल, तवाच ठरतं."

पाड्यात रेंज नाही. मिळते ती वरच्या माळावर, एका खडकापाशी. अंधारून आलेलं, वाट निसरडी, आणि आम्ही म्हाताऱ्याला हाताला धरून वर नेत होतो. माझा जीव टांगणीला लागला होता. फोन लागेना. बाई पदराखाली फोन धरून पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. अखेर लागला. आजानं तो कानाला लावला. काय ऐकलं ते चेहऱ्यावर दिसेना. "बरां," एवढंच म्हणून त्यानं फोन परत दिला आणि खाली बघून पाड्याला हाक घातली.

उजाडायच्या आत डोंगराची माती खाली आली. आजाचं घर आणि शेजारची घरं गेली. माणसं सगळी आश्रमशाळेत होती. बाई तिथल्या पायरीवर बसून रडल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. संस्थेनं शोकसभा घेतली, तिथं नाशिकचे सर बोलायला उभे राहिले आणि बाईंचा ग्रुपवरचा शेवटचा अंदाज 'खोडून काढा'सकट वाचून खाली बसले. काही दिवसांनी बुध्या आजा केंद्रावर आला. बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत त्यानं मला विचारलं, "आता तुला नाय कोन म्हनंल?" मी म्हणालो, नाशिकचे सर आहेत. "बरां," म्हणून तो गेला.

पाड्यावरची उरलेली घरं अजून डोंगराखालीच आहेत. काल दुपारी माळावरच्या त्या खडकापाशी येऊन आजानं फोन केला, की ढग बसलाय, निघायचं का? चित्रं माझ्यासमोर होती आणि मला उत्तर माहीत आहे असंच वाटत होतं.

"थांबा आजा, विचारून सांगतो," मी म्हणालो.

आजा हसला नाही. "इचार," तो म्हणाला. "मी हाय हितंच."