विहिरीत उतरवलेलं इंजिन

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचं पाणी जे खाली गेलं, ते पुढच्या पावसाळ्यातही पुरतं वर आलं नाही. काठावरचं डिझेल इंजिन इतक्या खोलातून पाणी ओढीना. सिन्नरकडच्या बऱ्याच वाड्यांनी तेव्हा जे केलं तेच रंगनाथनं केलं. विहिरीच्या पोटात कपार फोडून ओटा काढला आणि साखळी-कप्पीनं इंजिन त्यावर उतरवलं. पाणी वर आलं. धूर मात्र विहिरीतच कोंडून राहू लागला.

विहीर रंगनाथची आणि त्याच्या धाकट्या भावाची, सहादूची. पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या होत्या. पण इंजिन चालू करायला दोघांच्याही पाळीला सहादूच उतरायचा. रंगनाथचा गुडघा धरलेला होता, आणि तो धरलेला नसता तरी धाकट्यानंच उतरायचं, हे कुणाला ठरवावं लागलं नसतं. पंपाचा पट्टा घसरायचा, म्हणून दिवसातून अनेकदा खाली जावं लागे. वर आला की सहादू डोकं धरून बाभळीखाली बसे. थुंकी काळी पडे. त्याची बायको कुसाबाई त्याचं धोतर धुवायची, तर दगडावर काजळी उरायची.

"दोन घास खा की," ती म्हणायची.

"डिझेलनं पोट भरलंय. आता वरून भाकर टाकली तर पेट घेईल."

तो हसायचा आणि ताट सारायचा. वर्षभरात त्याच्या बंड्या अंगावर लोंबायला लागल्या. एकदा पायऱ्या चढताना त्याला भोवळ आली आणि कडेच्या दगडाला धरून तो वाचला. त्या दिवसापासून विहिरीवर इंजिन सुरू झालं की कुसाबाईच्या हातातलं काम थांबायचं. इंजिन बंद झालं की पुन्हा सुरू व्हायचं.

पंचवटीच्या बाजारात मेथी विकायला गेली असताना तिनं एका पिठाच्या गिरणीतलं इंजिन पाहिलं. धुराचा पाइप छपरातून बाहेर काढलेला होता आणि आत माणसं खुशाल गप्पा मारत बसली होती. तिचा भाऊ मल्हारी नाशकातच एका वर्कशॉपात होता. ती तशीच त्याच्याकडे गेली.

"दाजी विहिरीत बसून चिलमी ओढतात आणि तू इंजिनाचं नाव सांगतेस," मल्हारी म्हणाला.

"तुला थट्टा सुचते. त्यांना उचलून आणायची पाळी आल्यावर येशील."

पुढच्या सुट्टीला तो एसटीच्या टपावर जुने पाइप टाकून आला. इंजिनापासून विहिरीच्या काठापर्यंत त्यानं धुराडं उभं केलं. सांध्यात वर्कशॉपातून आणलेली पांढरी, न जळणारी दोरी भरली. इंजिन सुरू झालं आणि धूर काठाच्या वर, बाभळीच्या शेंड्याकडे गेला. त्या आठवड्यात सहादूनं भाकरीबरोबर कांदा मागून घेतला.

मग रंगनाथची पाळी आली. तो पाटाच्या तोंडाशी उभा राहून धार बघत होता. अरुंद पाइपानं इंजिनाचा श्वास कोंडला होता आणि पाणी खरंच कमी येत होतं.

कुसाबाई भासऱ्याशी, म्हणजे रंगनाथशी, बोलत नसे. घरात तशी रीतच होती. सांगायचं ते जावेला, भागुबाईला सांगायचं, ती नवऱ्याला सांगणार. निरोप जाता-येता निम्मा भागुबाईच्या पदरातच राहायचा.

"कुसे, ते म्हणतात पाइप काढा. वाफा भरायला दुप्पट वेळ लागतोय."

"बाई, त्यांना सांगा, धुरानं ह्यांचा जीव जातोय."

"तुझ्या नवऱ्याला धूर लागतो, मग आमच्या कांद्याला पाणी लागत नाय व्हय?"

अखेर सहादूनंच तोड काढली. दादाच्या पाळीला पाइप काढायचा, आपल्या पाळीला लावायचा. भावाशी वाद घालण्यापेक्षा त्याला पाना चालवणं सोपं वाटलं. काढता-लावता पांढऱ्या दोरीच्या चिंध्या झाल्या. नवी आणायला नाशिक गाठावं लागलं असतं. पाण्याच्या पाइपाचा सांधा गळायला लागला की सुतळी गुंडाळून वर सफेदा लावतात, हे वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. कुसाबाईनं घरातली सुतळी काढली, सांध्याला घट्ट बसावी म्हणून मांडीवर चांगला पीळ दिला आणि सफेदा लावून नवऱ्याच्या हातात दिली.

चैत्राचं ऊन होतं. पाळी सहादूची, म्हणून पाइप लावलेला होता. पाइपाच्या तोंडातून काठावर धूर निघताना दिसत होता, म्हणून कुसाबाई निर्धास्त होती.

"वर नका येऊ," तिनं वाकून सांगितलं. "सावलीत खालीच बसा. भाकर सोडते मी."

टोपलीला दोर बांधून तिनं भाकर खाली सोडली. एरवी पट्टा चढवून लगेच वर येणारा सहादू त्या दुपारी ओट्यावर टेकून बसला. बऱ्याच वेळानं तिनं दोर ओढला. भाकर फडक्यात बांधलेली तशीच वर आली. तिनं हाका मारल्या. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना.

रंगनाथ धावत आला. दुखऱ्या गुडघ्यानं, इंजिन खाली बसवल्यापासून पहिल्यांदाच, तो विहिरीत उतरला. त्यानं इंजिन बंद केलं, भावाला पाठीवर बांधून वर आणलं आणि काठावर येताच स्वतः ओकत पडला.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी सहादूला जगवलं. धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास, तो डोक्यात गेलाय, एवढं त्यांनी सांगितलं. घरी आला तो पूर्वीचा सहादू नव्हता. धोतराचा काष्टा त्याला घालता येईना. घास तोंडात ठेवला तर चावायचं विसरायचा.

मल्हारी विहिरीत उतरून सांधा बघून आला. सुतळी जळून राख झाली होती आणि आजूबाजूची भिंत काळी पडली होती.

"अक्का, यात सुतळी कुणी भरली?"

"मी."

मल्हारीनं पायातली चप्पल काढून झटकली. "ती पाण्याच्या पाइपाला भरतात," तो म्हणाला. पांढऱ्या दोरीचं एक नवं वेटोळं त्यानं ओसरीवर ठेवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

वाडीत विजेचे खांब यायला अजून बरीच वर्षं होती. रंगनाथचा गुडघा त्या दिवसानंतर कायमचा गेला. पैशानं गडी लावावा, तर या विहिरीत उतरायला कुणी तयार होईना. कांद्याच्या बियाण्यासाठी धरलेल्या डेंगळ्यांना पाणी हवं होतं. कुसाबाई लुगड्याचा काष्टा मारून उतरली. हँडल मारायला शिकली, पट्टा चढवायला शिकली. आपल्या पाळीला ती सांध्यात पांढरी दोरी भरायची आणि तरीही वर यायची घाई करायची.

रंगनाथच्या पाळीला काठावर भागुबाई आली. तिच्या मागे, थोड्या अंतरावर, काठीला रेलून रंगनाथ उभा होता.

"कुसे, पाइप काढ म्हणतात. धार बारीक पडतीय."

कुसाबाईनं वर पाहिलं. भागुबाईनं नजर दुसरीकडे वळवली. बाभळीखाली सहादू बसला होता. त्याच्या तोंडावर माशा बसल्या होत्या आणि तो त्या उडवत नव्हता. दवाखान्यात घरातले दाणे-पैसे सरले होते; संध्याकाळी त्याला जे भरवायचं, ते याच दोघांच्या घरातून यायचं होतं.

तिनं पाना घेतला आणि सांधा सोडवला. पाइप भिंतीला टेकवून ठेवला, पदर नाकाला बांधला आणि हँडल मारलं. धुराचा पहिला लोट तिच्या तोंडावर आला. पट्टा सारखा घसरत होता, म्हणून तिला तिथंच बसावं लागलं.

"पाणी आलं का गं?" भागुबाईनं वरून विचारलं.

पाणी आलं होतं.