बाबालाल मिस्त्रींचे विमान

माझ्या नावापुढे बी.ए. लागते ते बाबालाल मिस्त्रींमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलेले नव्हते. कडेगावहून ट्रंक घेऊन मी सांगलीत कॉलेजला आलो आणि तिसऱ्या महिन्यातच राहायची सोय मोडली, तेव्हा त्यांनी आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा माळा मला झाडून दिला. त्या माळ्यावर मी चार वर्षे काढली. गेल्या महिन्यात साताऱ्याला, मी शिकवतो त्या शाळेच्या पत्त्यावर, त्यांच्या मुलाचे, दस्तगीरचे, कार्ड आले. "अब्बा गेले. मातीही झाली. चाळिसाव्याला या." तास सुरू होणार होता. कार्ड खिशात घालून वर्गात गेलो आणि पाऊण तास व्याकरण शिकवले. काय शिकवले ते आठवत नाही.

मिस्त्री सायकली दुरुस्त करत, विहिरीवरची ऑइल इंजिने दुरुस्त करत, आणि कुणी घड्याळ आणले तर तेही उघडून बघत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, पण बंद पडलेल्या इंजिनापाशी उकिडवे बसून, कान लावून, नुसत्या आवाजावरून ते दुखणे सांगत. मला मात्र ते मोठा विद्वान समजत. दुकानात कुणी आले की वर बोट दाखवून म्हणत, "हळू बोला, वर बी.ए. चाललंय."

युद्धाचे दिवस होते. हवाई दलात वैमानिक घ्यायचे म्हणून शिकलेल्या मुलांची निवड होत होती. आमच्या गावातली माणसे फौजेत पुष्कळ, पण सगळी शिपाई. अधिकारी होऊन, तेही विमानातून, कडेगाववर एक घिरटी घालावी एवढेच माझ्या डोक्यात होते. आता हसू येते. तेव्हा येत नव्हते. बेचाळीसचे वारे आमच्या भागात अजून गरम होते, सरकारी नोकरी म्हटले की लोक तोंड फिरवत, आणि माझ्या सख्ख्या चुलत्यांनी माझ्याशी बोलणे सोडले होते. मी मिस्त्रींना विचारले, जाऊ का? ते चाकातली तार ओढत होते. म्हणाले, "विमान कुणाचं का असंना. चालवाय आलं की ते चालवणाऱ्याचं."

कॉलेजातला एक जण आदल्या वर्षी या परीक्षेला पुण्याला जाऊन नापास होऊन आला होता. त्याने मला सगळे वर्णन सांगितले होते. लेखी गणिते असतात, डॉक्टर तपासतो, आणि शेवटी एका यंत्रावर बसवतात. हातात एक दांडा, पायाखाली एक आडवी पट्टी, समोर पडद्यावर प्रकाशाचा ठिपका. ठिपका आपोआप पळत असतो, हातापायांनी तो मधल्या गोलात धरून ठेवायचा. सगळी मुले पडतात ती तिथेच. हे मी मिस्त्रींना सांगितले. त्यांनी जेवण अर्धे सोडले आणि जमिनीवर कोळशाने रेघा ओढायला लागले.

आठ दिवसांत त्यांनी ते यंत्र उभे केले. मोडक्या टांग्याची बैठक. पायाखाली बाभळीची फळी, मधोमध खिळ्यावर फिरणारी. समोर सायकलचा पुढचा चिमटा उभा रोवलेला आणि त्याच्यावर आरशाचा तुकडा, हातातल्या दांड्याने वर-खाली झुकणारा. फळीच्या दोन टोकांपासून चिमट्याच्या दोन बाजूंना सुतळ्या. माळ्यापलीकडच्या छपराच्या पत्र्याला भोक पाडून उन्हाची तिरीप आरशावर घेतलेली, म्हणजे समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर ठिपका पडे. भिंतीवर काव लावून गोल काढला होता. सूर्य सरकेल तसा ठिपका आपोआप सरके... आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून मिस्त्री बाजूला पाटावर बसून एका दोरीने आरशाला मध्येच हिसका देत.

सुतळ्या बांधताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. तो प्रश्न मला रोज आठवतो. ते म्हणाले, "शंकर, डावा पाय दाबला की ठिपका कुठं जातो रं?"

मला ठाऊक नव्हते. तो नापास झालेला मुलगा दोन गल्ल्या पलीकडे राहत होता. पाच मिनिटांचे काम होते. पण नापास माणसाच्या दारात पुन्हा काय जायचे, असे मला वाटले. शिवाय मिस्त्रींसमोर ठाऊक नाही म्हणायची मला सवय राहिली नव्हती. मी म्हणालो, "सायकलसारखंच की. डावी मूठ पुढं ढकलली की सायकल उजवीकडं वळते. तसंच हे."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि सुतळ्या सरळ बांधल्या.

तीन महिने मी त्या बैठकीवर बसलो. रोज सकाळी ऊन भोकावर आले की मिस्त्री खालून हाक मारत. ठिपका गोलाबाहेर गेला की त्यांचे सुरू होई. "पडलास. उसात पडलास गड्या. आता मालक काठी घिऊन येतोय बघ." गिऱ्हाईक खोळंबून राही, मग तेही भिंतीकडे बघत बसे, आणि कुणी फार हसला की मिस्त्री त्याला म्हणत, "ये की, तू बस," आणि तो बसला की ठिपका थेट छपरात. शेवटी शेवटी मी तो ठिपका मोजून शंभर आकडे होईपर्यंत गोलात धरत असे. डोके दुसरीकडे असले तरी पाय आपले आपण चालत. मिस्त्रींना त्याचे कोण कौतुक. ते म्हणत, आता हे तुझ्या पायाला कळलंय, तुला इसरायचं म्हटलं तरी इसरणार न्हाई.

ते खरे होते.

पुण्याला लेखी गणिते सुटली. डॉक्टरने डोळे तपासले आणि इतके साफ डोळे क्वचित दिसतात म्हणाला. मग त्या खोलीत गेलो. यंत्र बघून मला आनंदाने हसूच आले, इतके ते आमच्यासारखे होते. ठिपका सुटला, उजवीकडे पळाला. मी सवयीने उजवा पाय दाबला, तो डावीकडे यावा म्हणून. तो आणखी उजवीकडे गेला. मी आणखी जोर केला. ठिपका पडद्याच्या कडेला जाऊन बसला. चूक तेव्हाच माझ्या लक्षात आली, अगदी पहिल्या मिनिटातच. पण डोक्याला समजून उपयोग नव्हता. मी मनात म्हणे, उलटे, उलटे, आणि पाय तीन महिन्यांचे शिकलेले तेच करत. परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, यंत्राशी भांडू नकोस. माझ्यानंतर जो मुलगा बसला त्याने असले काही जन्मात पाहिले नव्हते. तो चाचपडला, हसला, आणि दोन मिनिटांत ठिपका त्याच्या हाती आला. त्याच्या पायांना काहीच ठाऊक नव्हते, म्हणून तो पास झाला. दुपारी नावे वाचली. पुन्हा बसू द्या म्हणून मी विनंती केली. बसू दिले नाही.

स्टेशनवर बसून मी मिस्त्रींना पत्र लिहिले. खरे काय ते लिहायचे म्हणजे एकतर त्यांचे यंत्र चुकले म्हणायचे, नाहीतर माझे उत्तर. पहिले माझ्याने लिहवेना. दुसरेही लिहवेना... तिसरेच लिहिले.

पुढे परीक्षा दिली, बी.ए. झालो, साताऱ्याला शिक्षक झालो. वर्षातून दोनदा सांगलीला जाई. प्रत्येक वेळी मिस्त्रींचा पहिला प्रश्न एकच. "डोळं कसं हायत?" आणि निघताना सुरम्याची कुपी हातात देत. रोज घाल, आळस करू नको, म्हणत. मी ती घेई. घरी अशा पाच कुप्या आहेत, एकही उघडलेली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विचारणे थांबवले. कुपी देणेही थांबले. वय झाले, विसरले असतील, असे मी समजलो. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले.

चाळिसाव्याला गेलो. फातिहा झाला, जेवणे झाली, माणसे पांगली. दस्तगीर मला दुकानात घेऊन गेला. कोपऱ्यात गोणपाटाखाली यंत्र होते. गेल्या तीन-चार भेटींत मी ते झाकलेलेच पाहिले होते आणि उघडा असे कधी म्हणालो नव्हतो. त्याने गोणपाट काढले. टांग्याची बैठक तीच, फळी तीच. सुतळ्या मात्र नव्या होत्या, आणि त्या सरळ नव्हत्या. एकमेकींवरून फुलीसारख्या ओलांडून बांधलेल्या होत्या. मी डावा पाय ठेवून दाबला. आरसा डावीकडे वळला.

दस्तगीर सांगत होता. दोन वर्षांपूर्वी हवाई दलातला एक मेकॅनिक रजेवर आला होता, मिरजेकडचा, तो सायकलच्या चाकाचा बाक काढून घ्यायला दुकानात आला. अब्बा येईल त्याला हे यंत्र दाखवत, पुण्याच्या यंत्रात आणि ह्यात तसूभर फरक न्हाई, असे शंकरनेच लिहिलेय, म्हणत. त्यालाही बसवले. तो बसला, पाय दाबला आणि हसला. मिस्त्री, हे समदं उलटं हाय की.

"अब्बा काय म्हणाले?"

"पाटावरनं उठले. दुकान बंद केलं. सांजपतूर सुतळ्या बदलल्या. मग मला म्हणाले, पोराचं डोळं चांगलं हुतं. माझ्या हातानं त्याचं नुकसान झालं, आन् मला वाईट वाटंल म्हणून त्यानं डोळ्यावर ढकललं. त्याला कळू दिऊ नगंस."

मी दस्तगीरला सांगितले की डाव्या पायाचे त्यांनी मला विचारले होते, आणि उत्तर माझे होते. सगळे सांगितले. त्याने सुतळीची गाठ अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "आता मला सांगून काय हुतंय, शंकरदादा."

दोन वर्षे ते समोर बसत होते, मी समोर बसत होतो, चहा येत होता. एक वाक्य पुरे होते. त्यांना माझे खोटे कळले होते, आणि त्याचाही त्यांनी माझ्या बाजूने चांगला अर्थ लावला. मला हे मनाशी कुठेच नीट बसवता येत नाही. चिडायचे म्हटले तर एका माणसाशिवाय कुणावर चिडणार?

बैठकीखाली स्पोक ठेवायचा डबा होता. त्यातून दस्तगीरने माझ्या पुण्याच्या पत्राची घडी काढून मला दिली. घड्यांवर तेलाचे डाग पडले आहेत. मिस्त्रींना वाचता येत नव्हते, ते दुसऱ्याकडून वाचून घेत. किती जणांकडून घेतले असेल कोण जाणे. ते पत्र असे आहे :

"ती. बाबालालचाचा यांस शंकरचा सा. नमस्कार वि. वि.

आज परीक्षा झाली. गणिते सर्व सुटली. यंत्रावर मी पहिला आलो. तुमच्या यंत्रात आणि इथल्या यंत्रात तसूभर फरक नाही. डावा पाय, उजवा पाय, सर्व तुम्ही बसवले तसेच. साहेबाने विचारले, कुठे शिकलास? मी तुमचे नाव सांगितले. परंतु डोळ्यांच्या तपासणीत लांबचा दोष निघाला, त्याला कुणाचा इलाज नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नये. यंत्र मोडू नका. आपल्याकडचा दुसरा कुणी मुलगा परीक्षेला जाणार असेल तर त्याला याच्यावरच बसवा.

आपला,
शंकर"