भांडेवाल्याची बादली

इतवारी बाजारातल्या त्या भांडेवाल्याला मी एकदाच भेटलो. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर ओला पंचा आणि पायाशी पाण्याने भरलेली बादली. बादली कशासाठी, ते मला लवकरच कळलं.

मी स्टीलचा एक देखणा जग निवडला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला, बादलीत बुडवून काठोकाठ भरला आणि परत दिला.

"आता ओतून पाहा."

ओतताना मूठ बोटांत रुतली आणि निम्मं पाणी माझ्या बुटांवर सांडलं. तो हसला नाही. जग पुसून जागेवर ठेवत म्हणाला, "रिकामा जग त सगळ्याइले हलकाच लागते, भाऊ." मग त्याने एक ठेंगणा, बेढब जग भरून दिला. त्यातलं पाणी सरळ बादलीत पडलं. माझ्यामागच्या बाईंनाही त्याने तसंच ओतायला लावलं.

मी मोबाइल ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो. ज्ञान अनुभवातूनच येतं, यावर कॉलेजात भाषण ठोकून बक्षीसही मिळवलं होतं. त्याच आठवड्यात मी एका दवाखान्याच्या नोंदणीचा फॉर्म पास केला होता. तपासताना नावाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'अबक' टाकलं होतं.

बेसा भागातल्या घरी आल्यावर तो ठेंगणा जग ओट्यावर ठेवला, फॉर्म उघडला आणि आईचं पूर्ण नाव टाकायला लागलो. तिचं नाव मावलं, बाबांचं अर्धं मावलं. आडनावाला जागाच उरली नव्हती.