नंबर फोर

२००४ च्या डिसेंबरात माझं पोस्टिंग अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला झालं. हुकूम मुलाचा होता. घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झालो, पुढे बायको गेली आणि महेश म्हणाला, "बाबा, तिकडे एकटे काय करणार? इथे या." इथे मुलगा-सून सकाळीच ट्रेन पकडून ऑफिसला जात. मग घर म्हणजे बॅरेक, आणि फॉलइनला रांगेत मी एकटाच. रस्त्यावर चिटपाखरू नसे.

दहा वाजता मी पार्कात फेरी मारी. तिथे एक ताठ म्हातारा मुलीसोबत येऊन बाकावर बसे. एकदा त्याने कुत्र्याचा पट्टा कठड्याला बांधला आणि मी जागीच थांबलो. ती गाठ घोडदळाची होती. घोड्याने कितीही ओढलं तरी सुटत नाही, पण मोकळं टोक खेचलं की झटक्यात सुटते. मी ती सोडली, तशीच पुन्हा बांधली आणि सॅल्यूट ठोकला. म्हाताऱ्याने उठून सॅल्यूट परत केला.

त्याच्या मुलीने, वेराने, इंग्रजीत ओळख करून दिली. वडील आंद्रेई, ब्याण्णव वर्षांचे, सोव्हिएत घोडदळाचे जनरल. साधे शिपाई म्हणून भरती झाले, महायुद्धात डिव्हिजन चालवली. नंतर घोडदळच मोडलं. घोडे गेले, साहेबांच्या वाट्याला टेबल-खुर्ची आली. आई वारल्यावर वेराने त्यांना इकडे आणलं. माझीच कथा, फक्त रँक मोठी.

मी विचारलं, "साहेबांची पहिली लढाई कुठली?"

वेराने ते रशियनमध्ये सांगितलं आणि जनरलसाहेबांनी चार बोटं दाखवली. मला लगेच कळलं. स्वार पायी लढायला उतरले की तिघं पुढे जातात, चौथा मागे राहून चारही घोडे धरतो. आमच्याकडे त्याला नंबर फोर म्हणत. मध्य आशियाच्या सरहद्दीवर साहेब नंबर फोर होते. मिशा, स्तेपान आणि युसूप खिंडीत शिरले. साहेब अंधार पडेपर्यंत घोडे धरून उभे होते. तिघांपैकी कोणीच परतलं नाही.

वेरा भाषांतर करता करता थांबली. "पप्पांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं," म्हणाली.

त्या दिवसापासून साहेब रोज निघताना ती तीन नावं घेत आणि माझ्याकडून म्हणवून घेत. त्यांना धास्ती एकच होती. डोक्यातून माणसं निसटू लागली होती. नातवाचं नाव गेलं तरी चालेल, ही तीन जायला नकोत.

फेब्रुवारीत एका सकाळी ते म्हणाले, "मिशा. स्तेपान." आणि अडकले. ओठ नुसतेच हलत राहिले. एवढा मोठा जनरल, पण चेहरा नव्या रंगरुटासारखा भेदरलेला. मला फार वाईट वाटलं.

"युसूप, सर."

त्यांनी माझा हात धरला, तो वेरा दुकानातून येईपर्यंत सोडला नाही.

मार्चमध्ये साहेब गेले. दफनाला शेजारपाजारची चार माणसं होती. बिगुल नाही, फौज नाही. मी मेडल्स लावून गेलो.

"अंकल, तुम्ही काही बोलाल?" वेराने विचारलं.

मला रशियन येत नाही. सावधान उभा राहिलो आणि हजेरी घेतली. "मिशा. स्तेपान. युसूप. नंबर फोर, आंद्रेई." आणि सॅल्यूट केला.

आता रोज सकाळी त्या बाकावर चार नावं घेतो. परवा महेशला म्हणालो, "चार नावं पाठ कर."

"कोणाची, बाबा? रात्री बोलू ना, ट्रेन मिस होईल."

तो पळाला. मी थांबलो आहे. नंबर फोरने थांबायचंच असतं.