दादाच्या बेंजोची कॉइल

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते आणि ती मीच पसरवलेली आहे. एकोडीसारख्या धानाच्या गावात, जिथे गिटार कुणी जवळून पाहिलेली नव्हती, एका पोराने आईच्या शिलाई मशीनवर तांब्याची तार गुंडाळून तारांचा आवाज उचलणारा स्वतःचा पिकअप तयार केला, साध्या लाकडी गिटारला तो बसवला आणि पुढे हेवी मेटल बँडमध्ये लीड गिटार वाजवून नाव काढलं. मुलाखतींमध्ये मी ही गोष्ट इतकी सांगितली की सांगताना मला ते मशीन, ती तार, माझेच हात दिसू लागले होते.

तो पिकअप मी तयार केलेला नाही. मी तो चोरला. आणि चोरीचा आळ दुसऱ्यावर आला तेव्हा मी तिथेच उभा होतो.

हे लिहायला बसलो की थोड्या वेळाने उठतो. खिडकीपर्यंत जातो, परत येतो. तुमसरला राईस मिलच्या मागे ही खोली मी मुद्दाम घेतली. आयुष्यभर मोठ्या आवाजात उभं राहिल्याने माझ्या कानात सतत शिटी वाजते, ती मिलच्या घरघरीत जरा दबते. मिल बंद असली की मला घरात बसवत नाही.

माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो लग्नाच्या वरातीत बेंजो वाजवायचा. हा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्याने बटणं दाबायची. वरातीच्या गोंगाटात त्याचा आवाज जावा म्हणून तारांखाली कॉइल बसवतात. कॉइल म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली, केसासारखी बारीक तार. वरची तार हलली की ती कॉइल तो आवाज वायरीतून अँप्लिफायरला आणि तिथून भोंग्याला पोचवते. गिटारवाले तिलाच पिकअप म्हणतात.

दादाने ती कॉइल आईच्या शिलाई मशीनवर, बॉबिन भरायच्या चाकाला लावून गुंडाळली होती. तार मध्येच तुटायची, मग तो पहिल्यापासून सुरू करायचा. तार घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना त्याने आईच्या जुन्या हिरव्या फणीचे तुकडे कापून लावले आणि वरून लाख वितळवून ओतली. तिचा आवाज असा निघायचा की साकोलीपर्यंतचे लोक लग्नाची तारीख दादाला विचारून धरायचे.

त्याच्याबरोबर काँगो, म्हणजे हाताने वाजवायचे उभे ढोल, वाजवायचा त्याचा जिवलग दोस्त. दोघं धानाच्या एकाच बांधीत रोवणी करायचे आणि एकाच हातगाडीवर साहित्य बांधून वरातीला जायचे. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला लहान्या.

मी नागपुरात कॉलेजला होतो. होस्टेलच्या पोरांनी बँड काढला होता आणि एका पोराच्या टेपवर परदेशी मेटल बँड ऐकून माझी झोप उडाली होती. माझ्याकडे होती साधी लाकडी गिटार, तिचा आवाज ड्रमपुढे ऐकूच येत नसे. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो आणि परत जायच्या आदल्या दिवशी मी दादाच्या बेंजोमधून कॉइल काढली. दोन स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच काम होतं. मोज्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातच वरात होती. दादाने बेंजो उघडला, आत कॉइल नव्हती. आदल्या संध्याकाळी भाऊ एकटा त्या खोलीत काँगोचं कातडं ताणत बसला होता. लाखनीचा एक बेंजोवाला त्याला आपल्या पार्टीत ओढू पाहत होता, हेही सगळ्यांना माहीत होतं. दादाने दोन्ही गोष्टी जोडल्या.

"लाखनीवाल्याले देल्ली ना? सांग!" दादा ओरडला.

"येडा झाला का बे तू? मी हातबी नाई लावला."

"तं मंग पंख फुटले का तिले?"

अंगणात वरातीची माणसं जमली होती. कुणी तरी हसलं. भाऊ माझ्याकडे वळला. मी ट्रंकेची कडी लावत होतो.

"लहान्या, तू तं घरीच होतास. तू सांग ना यायले. मी हात लावला का?"

मी म्हणालो, "मले माहीत नाई."

कुणी मला दाबलं नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर दादाने दोन थोबाडीत मारल्या असत्या आणि वरात वेळेवर निघाली असती. मी ट्रंक उचलली आणि एसटी गाठली.

ती कॉइल बेंजोच्या मापाची, म्हणजे अरुंद. गिटारच्या सहा तारांखाली ती पुरेना. खालच्या तीन बारीक तारांपुरतीच ती आवाज उचलायची, वरच्या तीन जाड तारा मुक्या राहायच्या. त्यामुळे बँडमध्ये मला भरीव साथ वाजवता येईना. मला येत होतं ते फक्त बारीक तारांवर, उंच सुरात, एकेरी वाजवणं. म्हणून साथ दुसऱ्याने धरली आणि मी लीड झालो. मंडपवाल्याचा जुना अँप्लिफायर पूर्ण उघडला की आवाज फाटायचा, आणि तो फाटका आवाज ऐकून पोरं बाकांवर चढायची. माझं सगळं करिअर त्या अरुंद कॉइलने ठरवलं.

पुढे पुणं, मग मुंबई. दुसरी गिटार कोलकात्याची, लाल, मान किंचित वाकडी. पावसाळ्यात तिचे सूर उतरायचे आणि मी दर गाण्यानंतर कान लावून खुंट्या पिळत बसायचो. कॉइल मी तिच्यातही बसवून घेतली. आमची एकच कॅसेट निघाली, तिच्यातले सगळे सोलो त्याच कॉइलवरचे आहेत. तिसरी गिटार काळी, दोन शिंगांची, परदेशी. तिच्यात कारखान्याचे चांगले पिकअप होते, तेव्हा कॉइल निघाली आणि गिटारच्या पेटीत कापडात पडून राहिली. गुवाहाटीला, शिलाँगला हजारो पोरं केस मोकळे सोडून डोकी हलवायची आणि मी एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर ठेवून वाजवायचो. कार्यक्रम संपल्यावर कुणी पत्रकार विचारायचा, सुरुवात कशी झाली? मी पेटीतून कॉइल काढून दाखवायचो.

मग मेटल ऐकणारे घटले. मी गायकांच्या ऑर्केस्ट्रात मागे बसून वाजवलं, शिकवण्या केल्या. डाव्या हाताचं बोट मिटलं की उघडेनासं झालं, तेव्हा परत आलो.

तिकडे एकोडीत दादाने दुसरी कॉइल गुंडाळली होती, पण काँगोवाला उरला नाही. पार्टी मोडली. भावाला लोक 'कॉइल्या' म्हणू लागले. तो बायकोच्या गावी, कोंढ्याला निघून गेला. तिथे एकोडीची एक मुलगी सून म्हणून गेली आणि तिच्यामागून ते नावही पोचलं. हे सगळं मला दर दिवाळीला घरी आलो की कळायचं. या दिवाळीत सांगू म्हणायचो. जेवायचो, झोपायचो, पुढच्या दिवाळीपर्यंत निघून जायचो.

मी स्वतःहून कबूल झालो असं कुणी समजू नये. पुण्याचा एक तरुण मोबाइलवर जुन्या बँडांच्या मुलाखती टाकतो. तो माझ्याकडे आला. मी नेहमीची गोष्ट सांगितली आणि कॉइल कॅमेऱ्यासमोर धरली. आठवड्याभराने सकाळी दादाचा फोन आला.

"तुह्या हातात ते काय हाये?"

"कुठं?"

"मोबाइलात. हिरव्या फणीचं. मायची फणी मले दिसत नाई का बे?"

मी पेटीतून कॉइल काढून हातात घेतली.

"मी त्याले अंगणातून ढकलत बाहेर काढलं," दादा म्हणाला. "तू पाहून राहिला होतास."

"हो."

"ये इकडं. आजच ये. कोंढ्याले जाऊ."

एकोडीहून कोंढ्यापर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. भाड्याच्या गाडीत तो पुढे बसला, मी मागे. मी दहादा खिसा चाचपला. कॉइल खिशात होती.

भाऊ अंगणात खाटेवर बसून पेंढ्या बांधायचे बंद वळत होता. हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती. दादाला पाहून त्याने बंद बाजूला ठेवला नाही, वळतच राहिला.

"काहून आलास?" त्याने दादाला विचारलं. "कॉइल सापडली नाई का अजून?"

दादाने मला पुढे केलं. मी खाली बसलो आणि सांगितलं. मोजा, ट्रंक, नागपूर, सगळं. भाऊ ऐकत होता. त्याची बायको सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं.

"आन," भाऊ म्हणाला आणि हात पुढे केला.

मी कॉइल त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती उलटी केली, सुलटी केली, उन्हात धरली.

"एवढीशीच?" तो म्हणाला. "मले वाटे चांगली विटेएवढी असन. मी तं पाहिलीच नव्हती कधी, आतमंदी राहे." मग बायकोकडे वळून, "पाह्य वो, यासाठी तुह्या बापानं मले एक वरीस चहा नाई पाजला."

बायको म्हणाली, "मलेबी तेव्हा वाटलंच होतं तुम्हीच घेतली म्हणून." तिने ते अगदी सहज सांगितलं. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

"वाजली कशी पण?" भावाने मला विचारलं. "आयकव."

मी मोबाइलवर कॅसेटमधला सोलो लावला. ड्रमचा दणका, मग माझी गिटार किंचाळत वर जाते तो तुकडा. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिला.

"भल्ला बोंबलते बापा," तो म्हणाला. "अन् तुहा ढोलकवाला पळून राहिला. कोनी मागं लागलं का त्याच्या?"

दादाला हसू आलं. त्याने ते गिळलं.

"माफ कर भाऊ," मी म्हणालो.

"मले सांगून का फायदा? मी नाई घेतली हे मले माहीतच होतं." त्याने कॉइल माझ्या हातात परत दिली. "एकोडीची मंडई कवा हाये?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं लोकनाट्य, होते. सगळा गाव आणि आजूबाजूची गावं एका ठिकाणी दिसायची ती मंडईतच. भाऊ एकोडी सोडल्यापासून तिथल्या मंडईत गेला नव्हता.

"मी येतो," तो म्हणाला. "तू माइकवर सांग."

मंडईच्या दुपारी मी स्टेजवर गेलो. कमिटीच्या माणसाने मला आंतरराष्ट्रीय कलावंत करून टाकलं आणि माझ्या गळ्यात हार घातला. समोर पाळण्याजवळ, फुगेवाल्याच्या पलीकडे, भाऊ आणि त्याची बायको उभी होती. भावाने धुतलेलं धोतर नेसलं होतं. हजारोंपुढे वाजवलेला मी, माइक दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

मी म्हणालो, "फार वर्षांपूर्वी आमच्या घरी एक गैरसमज झाला होता..."

"गैरसमज नाई!" भाऊ खालून ओरडला. "चोरी म्हन!"

माणसं वळून पाहू लागली. मी म्हणालो, चोरी. मी केली, मोठ्या भावाच्या बेंजोची कॉइल मी चोरली. ज्याला तुम्ही चोर म्हटलं त्याने ती कधी पाहिलीही नव्हती. त्याने मला साक्ष विचारली आणि मी खोटं बोललो.

क्षणभर भोंग्यातून नुसता किर्र आवाज आला. मग मागून कुणी तरी ओरडलं, "गानं वाजव ना बुढ्या!" हशा झाला. कमिटीवाल्याने घाईने माइक घेतला, आभार मानले आणि पिवळ्या झग्यातली एक मुलगी हरवली आहे, तिच्या आईने स्टेजजवळ यावं, असं सांगितलं. पण पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं हसली नव्हती. त्यांतला एक जण उठून, काठी टेकत भावाकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, तसंही मला आता कमीच ऐकू येतं.

मी खाली पोचलो तेव्हा दादा भावाला घरी जेवायला बोलवत होता.

"आज नाई," भाऊ म्हणाला. "तुह्या अंगनात पाय ठेवाले टाइम लागन मले. गाडी निघून राहिली." बायकोच्या हातातली पिशवी घेऊन तो स्टँडकडे गेला. दादा त्याच्या मागे मंडईच्या फाटकापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा माझ्याकडे न पाहता दंडार बघायला बसला.

पुण्याच्या त्या तरुणाला मी फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, सर, आधीचीच गोष्ट लोकांना आवडली आहे, राहू द्या. व्हिडिओ अजून तसाच आहे. रोज नवीन माणसं तो पाहतात आणि खाली माझं कौतुक लिहितात. मंडईला जे आले नव्हते त्यांच्यासाठी म्हणून मी हे लिहून ठेवतो आहे. भावाचं नाव यात नाही, कारण मी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, लोकायच्या तोंडात भल्ला राहिलो मी, आता नोको. मग विचारलं, दादाकडे कधी येशील? त्याने धान चुरून होऊ दे म्हटलं. चुरणी, म्हणजे मळणी, संपून गेली. मी दर दोन दिवसांनी दादाला फोन करून विचारतो, भाऊ आला का? तो नाई म्हणतो आणि फोन ठेवतो.