सलीमभाईंचे दहा

आमच्या चाकणच्या कंपनीतून माल रोज बाहेर जातो, किस्से मात्र स्टोअरमध्येच पडून राहतात. त्यातला निम्मा स्टॉक एकट्या सलीमभाईंचा!

आम्ही इंजिनाचे बुश बनवतो. एका ट्रेत बारा नग, एका पेटीत बारा ट्रे. देहूरोडहून येणारे सलीमभाई डिस्पॅच सांभाळतात आणि मोजतातही बारातच. चार बोटांच्या बारा पेरांवरून अंगठा फिरला की एक ट्रे. कागदावर आधी पेट्या, मग ट्रे, मग सुटे. एक ट्रे भरला आणि सुटा एकही नाही, तर लिहिणार १०. म्हणजे नग बारा! खऱ्या दहासाठी ‘द’, अकरासाठी ‘अ’.

*

नवे मॅनेजर निकम साहेब आले. कागदावर दिसलं ‘६अ४’.

“हा स्टॉक आहे का गाडीचा नंबर?”

“हजार नग हायेत साहेब. सहा पेट्या, अकरा ट्रे, चार सुटे. तुमच्या हजारात एवढं दिसतं का?”

साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला. उत्तर बरोबर आलं, आणि त्याचाच त्यांना राग आला.

*

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “दहाच्या हिशेबात सगळं सोपं असतं.”

“मग शंभराचे तीन सारखे वाटे करा.”

“तेहतीस, तेहतीस, तेहतीस... एक उरतो.”

“माझं १०० म्हणजे एक पेटी. वाटे ४०, ४०, ४०. चार-चार ट्रे. उरलं काही?”

साहेबांनी चहा मागवला.

*

मग मेमो निघाला, ‘सोमवारपासून आकडे दहाच्या पद्धतीनेच.’

सलीमभाईंना साठ वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे निवृत्ती. धाकट्या लेकीचं कॉलेज संपायला एक वर्ष होतं, तेवढी मुदतवाढ त्यांना हवी होती. ती साहेबांच्या हातात!

मी म्हणालो, “भाई, वर्षभरासाठी वाका की राव!”

त्यांनी मेमोखाली लिहिलं, ‘आधी ट्रे दहाचा करा.’ मला धडकी भरली. अभिमानही वाटला.

*

साहेबांनी बरोब्बर हजार नगांची गाडी भरायला लावली. सलीमभाई सही करेनात.

“शेवटी चार येतात. गिऱ्हाईक अर्धवट ट्रे घेत नाही.”

गाडी साहेबांच्या सहीनं गेली. संध्याकाळी तशीच्या तशी परत आली. चार नगांपायी!

साहेब त्या चार नगांकडे बराच वेळ बघत होते.

*

सलीमभाईंच्या साठीला केक आणला. साहेबांनी सगळ्यांसमोर पत्र दिलं. आकडा पेनानं लिहिलेला होता, ‘मुदतवाढ: १० महिने.’

माझा संताप झाला. “भाई, दोन महिने मारले की हो!”

सलीमभाईंनी पत्र दोनदा वाचलं. अंगठा पेरांवरून फिरला, करंगळीच्या टोकाला थांबला.

“धाकटीचं कॉलेज पुरं होतं. कबूल, साहेब!”

आम्ही सगळे निकम साहेबांकडे बघायला लागलो. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“सुटा एकही नाही,” ते म्हणाले, आणि केक कापायला सुरी मागितली.