यासीन पेंटरचं बटण

यासीनभाई पेंटर माझ्या सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आले, तेव्हा मला वाटलं पत्ता विचारायला आलेत. साल १९९९. पन्नाशीचा माणूस, नखांत निळा रंग, तासगावच्या एसटीतून उतरून थेट दारात.

"सर, ह्या कॉम्प्युटरच्या काचंवर अक्षरं कशी ल्हित्यात, तेवढं शिकवा."

मी पंचवीस वर्षांचा, डोक्यात हवा गेलेली. चक्क हसलो. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तासगावपासून कोरेगावपर्यंतच्या दुकानांच्या पाट्या त्यांनी तीस वर्षं रंगवल्या होत्या. मग मशिनवर कापलेले स्टिकर आले आणि ब्रश वाळत पडले. माझ्या क्लासची पाटीसुद्धा स्टिकरचीच. पहिल्या दिवशी त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मगच आत पाऊल टाकलं. त्यांच्या मेव्हण्याने त्यांना मिरजेला किराणा दुकानात बसायला बोलावलं होतं. शनिवारपर्यंत त्या काचेवर आपल्या हाताने एक शब्द नीट उमटला नाही, तर रविवारी ब्रश माळ्यावर टाकून आपण मिरजेला, असं त्यांनी बायकोला, दिलशादभाभींना, सांगून टाकलं होतं.

त्याच शनिवारी चार वाजता बिराप्पाशेठ येणार होते. शेठ तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, आणि मी त्यांच्यासाठी इंटरनेटवर एक पान करत होतो. त्यावर एक बटण, नाव 'मागवा'. दाबलं की मागणी ईमेलने पोचायची. पहिल्या खेपेला शेठनी ते तीनदा दाबलं आणि तीन मागण्या आल्या.

"शेठ, तीनदा कशाला?"

"आवं, सौद्यात तीनदा बोली झाल्याबिगर माल सुटतो व्हय? आन् एकदा दाबल्यावर ते कायतरी बोललं का? मुक्यागत बसलं की!"

म्हणजे बटणाने उत्तर द्यायला हवं. दाबताक्षणी 'मागवा' पुसून तिथे 'मागणी पोचली' यायला हवं. यासीनभाईंनी ते काम मागून घेतलं. मी सांगितलेली प्रोग्रॅमची ओळ त्यांनी वहीत उतरवली, तीही सावली देऊन, ठसठशीत अक्षरांत! मग एका बोटाने शोधत शोधत टाइप केली. शनिवारी दुपारी दाबून बघितलं आणि मी खुर्चीतून उठलोच. शब्द बदलला होता!

पण अर्धाच. 'मागणी' दिसत होतं, 'पोचली' कापलं गेलं होतं. बटण जेवढं होतं तेवढंच राहिलं होतं. मी तासभर झटलो, मशीनला शिव्या घातल्या, शेवटी म्हणालो, "हे काही व्हायचं नाही, यासीनभाई. सोडून द्या."

त्यांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी पिशवीतून फूटपट्टी काढली आणि चक्क काचेला लावली.

"सर, हे बटण कुठल्या शब्दाच्या मापानं झालंय?"

"पहिल्या. 'मागवा'च्या."

"तितंच चुकतंय की! पाचगणीच्या लॉजची पाटी मी करायचो. आज 'खोली आहे', उद्या 'खोली शिल्लक नाही'. पत्रा एकच, मग तो लांबक्या शब्दाच्या मापानं कापायचा. बारक्या शब्दाला दोनी अंगाला जागा सोडायची. हितं मोकळी जागा सोडता येती का न्हाई?"

येते! 'मागवा'च्या मागेपुढे रिकाम्या जागा टाकायच्या, बटण आपोआप रुंद होणार! एवढं साधं मला सुचू नये? मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पट्टीवर मापं घेत दोन्हीकडे सारख्या जागा टाकल्या.

चार वाजता शेठ आले. बोट एकदा पडलं. दुसऱ्यांदा वर गेलं आणि तिथेच थांबलं. बटणावर अख्खं, बरोबर मधोमध, 'मागणी पोचली'.

"आयला! ऐकलं की ह्यानं!" शेठ ओरडले. "कुणी केलं हे, सर?"

"ह्यांनी," मी म्हणालो. "मला जमलं नव्हतं."

यासीनभाईंनी माझ्या फोनवरून तासगावला त्यांच्या शेजाऱ्यांकडे लावून भाभींना फोनवर बोलावून घेतलं. घरच्या बोलीत भराभरा बोलत होते, हसत होते, डोळे पुसत होते. मला एवढंच कळलं, की मिरजेला दुसरा माणूस बघायला सांगताहेत.

संध्याकाळी मी क्लासची पाटी खाली उतरवली. सोमवारी ते कोरा पत्रा, डबे आणि ब्रश घेऊन आले.

"सांगा सर," खडू हातात घेऊन म्हणाले, "नव्या पाटीतला लांबका शब्द कुठला?"